सोडायला हजर, न्यायला कोणी नाही

बालीला जाऊन आलेलं कोणीही भेटलं की एकच सल्ला देतं. "गाडी-बिडी ठरवत बसू नकोस गं, टॅक्सीचं ॲप आहे ना, पाच मिनिटांत दारात!" यापुढे हा सल्ला जो देईल त्याला मी उलुवातूच्या, समुद्रावरच्या कड्यावर असलेल्या देवळाबाहेर संध्याकाळी सातला उभं करणार आहे. सोबत गुडघे धरलेल्या सासूबाई, झोपेला आलेली पोर आणि हातात तेच ॲप. मग बघू त्याची पाच मिनिटं.

सल्ला अर्धा खरा आहे, म्हणून तर जास्त चीड येते. जाताना गाडी मिळते. कुटा, सेमिन्याक, जिंबारान, कुठूनही निघा, गाडी येते. स्वच्छ, एसी चालू, भाडं आधीच स्क्रीनवर लिहिलेलं, घासाघीस नाही. ड्रायव्हर इतका सज्जन की सासूबाईंना हात देऊन बसवलं. देवळापाशी उतरलो, कमरेला सारोंग गुंडाळले, माकडांपासून चष्मे वाचवले, सहाचा केचक नाच पाहिला, मागे समुद्रात सूर्य बुडाला. सगळं अगदी फोटोत दिसतं तसं. मग नाच संपला, शेकडो माणसं एकदम बाहेर पडली आणि त्यातली निम्मी आमच्यासारखीच फोन वर धरून उभी.

ॲप म्हणालं, ड्रायव्हर मिळाला. नाव, फोटो, डीकेने सुरू होणारा, म्हणजे बालीचाच, गाडीचा नंबर, सगळं आलं. लगेच त्याचा मेसेज: आत येता येणार नाही, तुम्ही बाहेर मुख्य रस्त्याला या. बाहेर म्हणजे कुठे? एका दुकानापाशी. किती लांब? थोडंच. या "थोडंच"मध्ये काळोख होता, चढ होता, फूटपाथ नव्हता आणि कानाला वारा घालत जाणाऱ्या स्कूटर होत्या.

सासूबाई म्हणाल्या, "मी काही चालत नाही. त्याला इथे बोलाव."

"आई, तो इथे येत नाही."

"का? मघाशी नव्हता का आला?"

बाईंनी दोन शब्दांत मर्मावर बोट ठेवलं. मघाशी आला होता. कारण सोडायला परवानगी आहे, उचलायला नाही. कड्यावरच्या बऱ्याच जागी, पदांग पदांगसारख्या किनाऱ्यांच्या तोंडाशी, चांगू या किनाऱ्यालगतच्या गावाच्या काही गल्ल्यांत स्थानिक टॅक्सीवाल्यांचे आपापले इलाके आहेत. तिथे फलक लावलेले असतात: ॲपच्या गाड्यांनी इथून प्रवासी घेऊ नये. खाली झाडाखाली मंडळी बसलेली, शेजारी दरांचा बोर्ड. येताना जेवढं दिलं त्याच्या कितीतरी पट. नको म्हणालात तर ते शांतपणे दुसरीकडे बघतात. घाई तुम्हाला आहे, त्यांना नाही. ॲपवाला आत येईना, आतला परवडेना. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! उलुवातूची माकडं बरी, निदान फळ दिलं की चष्मा परत करतात.

आता इथे बरेच जण त्या टॅक्सीवाल्यांवर तुटून पडतात. माफिया वगैरे शब्द सर्रास वापरतात. माझा राग त्यांच्यावर आहे, नाही असं नाही. थकलेल्या म्हातारीकडे बघून आकडा वाढवणाऱ्यावर राग येणारच. पण त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. गाव त्यांचं, रस्ता त्यांच्या दारातून जातो, देवळाचा उत्सव असला की गावाचा बांजार, म्हणजे वस्तीची पंचायत, सगळ्यांना कामाला लावतो, आणि पर्यटकाचा पैसा मात्र बाहेरून आलेल्या गाडीत बसून बाहेरच्या कंपनीच्या खात्यात जातो. २०२५च्या जानेवारीत बालीच्या पर्यटन ड्रायव्हरांनी बालीची राजधानी देनपसारला मोर्चा नेला, तो याच कारणासाठी. ॲपच्या गाड्यांची संख्या आवरा, गाडीला बालीचाच नंबर असू द्या, भाड्याचे दर ठरवून द्या. यात न समजण्यासारखं काय आहे? आणि ॲपवर गाडी चालवणाराही काही लोणी खात नाही. मोटारसायकल टॅक्सीच्या भाड्यातून ॲप कापतं त्या कमिशनला इंडोनेशियाच्या सरकारने २०२२ साली जास्तीत जास्त २० टक्क्यांची मर्यादा घातली. २०२५च्या मे महिन्यात देशभरचे ड्रायव्हर रस्त्यावर उतरले की ते १० टक्क्यांवर आणा. म्हणजे इलाक्यातला टॅक्सीवाला वैतागलेला, ॲपचा ड्रायव्हर पिचलेला, प्रवासी रस्त्यात. मजेत कोण? ज्याला त्या कड्यावर कधी उभं राहावं लागत नाही तो.

माझा खरा संताप त्याच्यावर. कारण हे ॲपला माहीत आहे. माहीत नाही असं होऊच शकत नाही. रोज संध्याकाळी त्याच जागेवरून तेवढ्याच बुकिंग रद्द होतात, प्रत्येक ड्रायव्हर तोच मेसेज पाठवतो, प्रत्येक प्रवासी तोच पल्ला चालतो, आणि हे सगळं त्यांच्याच यंत्रणेत नोंदलं जातं. पण दाखवायचं काय, तर जणू आज पहिल्यांदाच घडलं. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच. विमानतळावर बघा. तिथे गाडी कुठे यायची ते खांबापर्यंत नेमून दिलेलं, बाणांसकट. मॉलमध्ये कुठल्या दारापाशी उभं राहायचं तेही सांगतात. मग देवळाच्या नकाशावर एक लाल पट्टा ओढायला काय होतं? "इथून गाडी मिळणार नाही, अमुक ठिकाणापर्यंत चाला", एवढी एक ओळ. ती लिहिणार नाहीत, कारण ती वाचली तर माणूस जातानाचीही गाडी बुक करणार नाही. अर्धा दिवस ठरवून गाडी घेईल, जी थांबून राहते आणि परत आणते.

आणि रद्द करण्याचा तमाशा! ड्रायव्हरला यायचं नसतं, पण त्याने रद्द केलं तर त्याचा रेकॉर्ड बिघडतो. म्हणून तो तुम्हाला गोड मेसेज पाठवतो, मॅडम, प्लीज कॅन्सल करा. तुम्ही करायला जाता तर ॲप कारण विचारतं. बेत बदलला? पत्ता चुकला? फार वेळ लागला? "तुमची गाडी इथे येऊच शकत नाही आणि हे तुम्हाला ठाऊक आहे" हा पर्याय यादीत नाही. शेवटी "बेत बदलला" वर बोट ठेवायचं. माझा बेत बदलला म्हणे! माझा बेत हॉटेलवर जाऊन पोरीला भाताचे चार घास भरवायचा होता आणि तो तसूभरही बदलला नव्हता.

चांगूची तर वेगळीच गंमत. तिथे गाडी येते, पण पोचवत नाही. नकाशात बघाल तर बेरावा आणि बातू बोलाँग हे दोन किनारे शेजारी. ॲप सांगतं, तीन-चार किलोमीटर. आपण म्हणतो, हे काय, दहा मिनिटं. पण बालीच्या दक्षिणेची रचनाच अशी की नद्या आणि पाट डोंगरातून सरळ समुद्राकडे उतरतात, मध्ये भातखाचरं, आणि रस्तेही तसेच वरून खाली आलेले. आडवे रस्ते कमी. म्हणून शेजारच्या किनाऱ्याला जायचं तर आधी वर जा, मग आडवे घुसा, मग पुन्हा खाली उतरा. त्यातला एक आडवा रस्ता म्हणजे तो प्रसिद्ध चांगू शॉर्टकट: खाचरांमधून जाणारी बोळकांडी, जिथे समोरून दुसरी गाडी आली की एकीचं चाक चिखलात जातं. जगभरच्या लोकांनी तिथे फसलेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघितलेत, बघितले नाहीत ते फक्त ॲपने. ते आपलं सांगतंय, नऊ मिनिटांत पोचाल. नऊची सतरा होतात, सतराची चाळीस. बाजूने वाळूतून अनवाणी चालणारी माणसं आपल्या आधी पोचून नारळपाणी पीत बसलेली असतात.

स्कूटर टॅक्सी घ्या ना, म्हणणारे शहाणेही आहेत. घेतली असती. एकटी असते तर रोज घेतली असती, तेवढ्यात फिरून येतं माणूस, भाडंही नगण्य. पण एका स्कूटरवर एक प्रवासी, आणि आम्ही चार. सासूबाईंना एका अनोळखी मुलाच्या मागे हेल्मेट घालून बसवायचं, पोरीला दुसऱ्याच्या, आणि चौघं चार दिशांनी निघायचं? मोठी गाडी मागवली तरी अधूनमधून हॅचबॅकच समोर उभी राहते आणि ड्रायव्हर डिकीकडे बघून डोकं खाजवतो.

पैशांचं थोडक्यात सांगते, नाहीतर रात्र पुरायची नाही. ॲपमध्ये कार्ड जोडायला गेले तर ओटीपी घरच्या सिमवर, आणि ते सिम बंद. मग रोख. बालीत उतरतानाच व्हिसाचे माणशी पाच लाख रुपिया गेलेले, फेब्रुवारी २०२४पासून पर्यटकांवर बसवलेला दीड लाखाचा कर माणशी वेगळा, त्यामुळे शून्यांची भीती मेलेली असते. पण एक लाखाची नोट पुढे केली की प्रत्येक ड्रायव्हरकडे नेमके सुटे नसतात. प्रत्येकाकडे! पार्किंगचे पैसे वेगळे, ते भाड्यात धरलेले नाहीत हे उतरताना कळतं.

आणि हे सगळं दक्षिणेतलं, जिथे ॲप चालतं म्हणतात. वर ईशान्येला आमेदला गेलो. काळी वाळू, समोर आगुंग पर्वत, गर्दी नाही, जीव सुखावला. परतीला ॲप उघडलं. ते शोधत राहिलं. नवरा म्हणाला, "जरा वेळ दे." दिला. सूर्य चढला, सावली सरकली, ते शोधतच होतं. एकदाही म्हणालं नाही की बाई, इथे आमच्या गाड्या नाहीत, तू हॉटेलवाल्याला विचार. विचारल्यावर हॉटेलवाल्याच्या भावाची गाडी पाच मिनिटांत दारात आली. पैसे घेतले, पण आणलं, वाटेत सासूबाईंसाठी दोनदा थांबलाही.

त्या कंपनीतल्या कुणाच्या कानावर हे जाणार असेल तर मागणी साधी आहे. जिथून उचलायला बंदी आहे ती जागा बुकिंग करतानाच लाल करा, जातानाच्या बुकिंगला. परत यायची सोय काय ते त्याच पानावर सांगा, स्थानिक टॅक्सीचा दर का असेना, तोच लिहा, आम्ही आमचं गणित करू. रद्द करायच्या कारणांत खरं कारण घाला. आणि गाडी शोधताना स्क्रीनवर ते हसरं, हात हलवणारं कार्टून नाचवता ना, ते आधी काढून टाका. अंधारात कड्यावर ताटकळलेल्या बाईला त्याच्याकडे बघून काय काय सुचतं, ते चारचौघांत लिहिण्यासारखं नाही.