त्या जपानी म्हणीचा अर्थ उलटा लावलाय

‘हजार वर्षांपूर्वीच्या जपानी म्हणी’ नावाचा एक मेसेज महिनाभर सगळ्या ग्रुपवर फिरतोय. वर इंग्रजी ओळ, खाली मराठी अर्थ. मलाही चार वेळा आला, मी सोडून दिला. पण परवा आईने स्वयंपाकाच्या मावशींना दोन हजारांची उचल नाकारली. मुलीची फी भरायची होती त्यांना. आईला विचारलं, तर तिने मोबाइल पुढे केला. "हे बघ, दया केल्याने माणसाचं भलं होत नाही. जपानी लोक उगाच पुढे नाही गेले."

आता गप्प बसवत नाही.

मूळ म्हण अशी आहे: ‘नासाके वा हितो नो तामे नाराझु’. शब्दशः, ‘दया ही दुसऱ्यासाठी नसते’. मग कोणासाठी? आपल्या स्वतःसाठी! आज कोणाची नड भागवली तर ते फिरून आपल्याकडेच येतं. आपण म्हणतो ना, पेरावं तसं उगवतं. म्हणजे म्हण सांगते ‘मदत करा’ आणि मेसेज सांगतो ‘करू नका’.

एक मान्य करते. हा घोळ मेसेजवाल्याने जन्माला घातलेला नाही, खुद्द जपानी लोकही इथे चुकतात. त्यांच्या सरकारचा सांस्कृतिक विभाग भाषेबद्दल लोकांची पाहणी करतो. २०१० सालच्या पाहणीत ४५.८ टक्के लोकांनी बरोबर अर्थ सांगितला आणि ४५.७ टक्के लोकांनी हाच, आईला आलेला, उलटा. कारण शेवटचा शब्द. ‘नाराझु’ हे जुन्या भाषेतलं रूप, त्याचा अर्थ फक्त ‘नाही’. आजच्या कानाला मात्र तिथे ‘हिताचं नसतं’ असं ऐकू येतं. पण निम्मे लोक चुकले म्हणून चूक बरोबर ठरत नाही. त्या विभागानेही मूळ अर्थ म्हणून पहिलाच दिलाय.

बाकीचं थोडक्यात. ‘चुकीच्या गाडीत बसलात तर पुढच्याच स्टेशनवर उतरा’ ही म्हणे हजार वर्षांपूर्वीची! जपानात पहिली रेल्वे शिम्बाशी ते योकोहामा धावली ती १८७२ साली. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्याच्या १९ वर्षं आधीची. सल्ला चांगला आहे, जरूर पाळा, पण प्राचीन जपान्यांच्या तोंडी घालू नका.

विहिरीतल्या बेडकाची म्हण जपानीत आहे, पण ती आली चीनमधून, आणि आपल्याकडे कूपमंडूक आहेच. ‘सात वेळा पडा, आठ वेळा उठा’ मात्र अस्सल जपानी. ‘नानाकोरोबी याओकी’. अर्थही बरोबर दिलाय.

मावशी उद्या सकाळी आठला येतात. त्याआधी हे आईला वाचून दाखवणार आहे, आणि तिने ज्या तीन ग्रुपवर तो मेसेज पुढे पाठवला, तिथेही टाकणार आहे.