बर्बेरिन ‘इन्सुलिनचंच काम’ करतं?

सध्या एक मेसेज फिरतोय. दारुहळदीतलं बर्बेरिन हे द्रव्य स्नायूंच्या पेशींत इन्सुलिनचंच काम करतं, पेशींची इन्सुलिनबद्दलची संवेदनशीलताही वाढवतं, प्रयोगशाळेत ते सिद्ध झालंय, नैसर्गिक असल्याने अपाय नाही, तेव्हा मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध सोडा.

आधी ‘इन्सुलिनचंच काम’. इन्सुलिन पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं, निरोप आत जातो आणि आत दडून बसलेली ग्लुट-४ ही वाहक प्रथिनं पृष्ठभागावर येऊन ग्लुकोज आत घेतात. बर्बेरिनची वाट वेगळी. ते मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या, कामात खोडा घालतं. ऊर्जा कमी पडू लागली की एएमपीके हे एन्झाइम जागं होतं आणि पेशी ग्लुकोज ओढू लागते. डायनायट्रोफिनॉल या विषारी रसायनानेही प्रयोगशाळेच्या डिशमधल्या स्नायूपेशी जास्त ग्लुकोज ओढतात, पण म्हणून ते कुणी मधुमेहावर देत नाही.

आता ‘संवेदनशीलता’. ती वाढली म्हणजे तेवढ्याच इन्सुलिनला पेशीने जास्त दाद दिली. ती तपासायला पेशी वाढवलेल्या प्लेटचे चार कप्पे लागतात: एकात काहीच नाही, दुसऱ्यात इन्सुलिन, तिसऱ्यात बर्बेरिन, चौथ्यात दोन्ही. पहिल्यापेक्षा तिसऱ्यात ग्लुकोज जास्त गेलं, एवढ्याने काही ठरत नाही. इन्सुलिनमुळे पडणारी भर बर्बेरिनच्या सोबतीने मोठी झाली का, हे बघायचं. मेसेजवाले तिसऱ्या कप्प्यावरच थांबतात.

शिवाय ‘प्रयोगशाळेत’ म्हणजे बहुतेकदा उंदराच्या सी२सी१२ किंवा घुशीच्या जातकुळीतल्या एल६ पेशी, आणि त्यांवर ओतलेलं 5 ते 20 मायक्रोमोलर बर्बेरिन (एक मायक्रोमोलर म्हणजे हजार नॅनोमोलर). तोंडाने घेतलेल्या बर्बेरिनचा एक टक्काही मूळ रूपात रक्तात पोचत नाही. तिथली पातळी नॅनोमोलरमध्ये मोजावी लागते, म्हणजे डिशच्या हजारो पटींनी कमी.

मग माणसांत साखर उतरते ती? उतरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2008 साली चीनमधल्या एका चाचणीत नव्याने निदान झालेल्या 36 रुग्णांपैकी काहींना बर्बेरिन, काहींना मेटफॉर्मिन, 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन महिने दिल्यावर बर्बेरिनचा परिणाम मेटफॉर्मिनच्या जवळपास आला. पण चाचणी छोटी आणि मुदत कमी. साखर उतरली ती स्नायूंमुळे, असं नुसत्या रक्ततपासणीवरून सांगता येत नाही. आतडं आणि यकृतही त्यात हात घालत असतात.

‘अपाय नाही’ हे तर सरळ चूक. यकृतात औषधं मोडणाऱ्या काही एन्झाइम्सना बर्बेरिन रोखतं, त्यामुळे सायक्लोस्पोरिनसारख्या (अवयव प्रत्यारोपणानंतर देतात त्या) औषधाची रक्तातली पातळी चढते. नवजात बाळात ते बिलिरुबिनला, म्हणजे कावीळीत वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याला, रक्तातल्या प्रथिनांपासून सुटं करू शकतं, म्हणून गरोदरपणात टाळायचं.

आणि मेटफॉर्मिनला ‘केमिकल’ म्हणून हिणवणाऱ्यांसाठी: त्याचं मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीतल्या गॅलेजिनपर्यंत जातं. गॅलेजिन 1920च्या दशकात रुग्णांना देऊन पाहिलं होतं. साखर उतरत होती, पण ते विषारी निघालं आणि सोडून द्यावं लागलं. त्याच घराण्यातलं मेटफॉर्मिन 1922 मध्ये प्रयोगशाळेत बनलं, 1957 पासून मधुमेहावर वापरात आलं, आणि मायटोकॉन्ड्रियात खोडाही बर्बेरिनसारखाच घालतं.