आधी ऐका तरी!
रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी कोणतंही गाणं लावा, मित्रमंडळी आधी मोबाइल काढून रेटिंग बघणार. "अडीच स्टार? राहू दे रे, दुसरं लाव." दर वेळी हेच! डोक्यात तिडीक जाते.

अरे, लेड झेपेलिन या रॉक बँडच्या पहिल्या अल्बमला १९६९ साली 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन संगीत मासिकानं झोडपलं होतं. पुढच्याच वर्षी ब्लॅक सॅबथ या बँडच्या पहिल्या अल्बमचीही तीच गत. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या यंत्रात गेलेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच जायबंदी! त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा चढवल्या आणि त्याच हातानं 'हेवी मेटल' या जड, दणदणीत रॉक संगीताचा पाया घातला. त्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात आधी पाऊस, मग घंटा, आणि मग कोसळणारे ते तीन जड सूर. अजूनही अंगावर काटा येतो. हे स्टारमध्ये कसं मोजणार? जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९७२ च्या 'ऑन द कॉर्नर' या अल्बमवर तर जॅझचे समीक्षकच तुटून पडले होते. आज त्याच अल्बमची वाखाणणी चालते.

नाही आवडलं तर खुशाल सांगा, भांडू आपण रात्रभर. पण तो मोबाइल खिशात घाला आणि गाणं पूर्ण ऐका. सॅबथचं ते गाणं सहा मिनिटांचं तर आहे!