डॅब की डबडं

गाडीचा रेडिओ बिघडला असता तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. रेडिओ ठणठणीत होता. त्याच्यावरची मॅच गेली.

गाडी २००६ची. इंग्लंडातल्या रेडिंगला बस्तान बसल्यावर घेतलेली पहिली आणि, बायकोच्या मते, माझ्या चिकटपणामुळे शेवटचीसुद्धा. तिच्या रेडिओला लाँग वेव्ह होतं. १९८ किलोहर्ट्झवर एकदा आणून ठेवलं की वेल्सच्या डोंगरात शिरा नाहीतर कॉर्नवॉलच्या टोकाला जाऊन उभे राहा, ‘टेस्ट मॅच स्पेशल’ हे बीबीसीचं क्रिकेट समालोचन तुमची पाठ सोडत नसे. खरखर असायची, पण खरखरीतूनही चौकार ओळखू यायचा. एकच खोड होती. दुपारी बारा वाजून एक मिनिट झालं की चालू खेळ थांबवून जहाजांसाठी हवामानाचा अंदाज लागायचा. आपला फलंदाज नव्वदीत अडकलेला, आणि मला कळायचं काय, तर डॉगर, फिशर आणि जर्मन बाइटला वारा किती. गाडी तर मी रेडिंगच्या बाहेरच्या राउंडअबाउटवर फिरवत असायचो. तरी त्या खलाशांचा राग कधी आला नाही. त्यांचंही बरोबरच होतं.

३१ जुलै २०२३ला ओव्हलवर अ‍ॅशेस संपली आणि लाँग वेव्हवरचं ते समालोचनही संपलं. पुढे मॅच ऐकायची तर डिजिटल, म्हणजे डॅब. आता डॅब काही कालचं पोर नाही. बीबीसीने ते १९९५ साली सुरू केलं, तेव्हा मी पुण्यात लूनाला पायडल मारत होतो. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय एफएम बंद करून सगळा देशच डॅबवर नेऊन बसवला. मागे राहिलो होतो तो मीच.

“बाबा, नवीन गाडी घे ना,” मुलगी म्हणाली.

“मॅच ऐकायला गाडी?”

“मग फोनवर ऐक.”

फोनवर नकाशा चालू असतो. मधेच तो फोन हातात धरलेला दिसला तर लायसन्सवर दंडाचे ६ पॉइंट आणि २०० पौंड दंड. शिवाय आमच्या रेडिओला ब्लूटूथ नाही, नुसती वायर खुपसायला भोकही नाही. म्हणून मी साठ पौंड मोजून डॅब पकडणारं, वरून बसवायचं यंत्र मागवलं. खोक्यातून काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी निघाली. सोबत सिगारेट लायटरच्या भोकात घालायची वायर, काचेला चिकटवायचा पारदर्शक एरियल आणि एक माहितीपत्रक. ते बहुधा चार भाषांतून फिरून इंग्रजीत पोहोचलं असावं. पहिलीच सूचना : एरियल उबदार आणि कोरड्या दिवशी चिकटवावा.

इंग्लंडात! सोळा दिवस थांबलो.

सतराव्या दिवशी ऊन पडलं. एरियल म्हणजे सेलोटेपसारखी पट्टी, तिच्या टोकाला तांब्याचा छोटा चौकोन. तो चौकोन गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकलाच पाहिजे, नाहीतर अर्थिंग होत नाही आणि रेडिओ मुका. पत्रा असतो काचेच्या कडेच्या खांबावरच्या प्लॅस्टिकखाली. प्लॅस्टिक निघतं कसं, तर माहितीपत्रकाच्या मते ‘हलक्या हाताने’. मी स्वयंपाकघरातलं सपाट उलथनं आणलं, फटीत सारलं आणि हलक्या हाताने दाबलं. टक्! आत क्लिप असते हे तेव्हा कळलं. दुसऱ्या ‘टक्’नंतर क्लिपा दोन होत्या असंही कळलं. तो खांब त्या दिवसापासून वाऱ्याला टकटक करतो. बायको म्हणते, कुणीतरी आत घ्या म्हणतंय.

पट्टी लावतानाही नियम. वार्षिक तपासणीत, म्हणजे इथल्या एमओटीत, स्टिअरिंगसमोरच्या २९० मिलिमीटरच्या पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा जास्त अडथळा चालत नाही; वायपर फिरतो तिथे इतरत्र ४०. मी मुलीची शाळेतली पट्टी घेऊन बाहेरून मोजत होतो आणि बायको आतून एरियलची पट्टी धरून बसली होती.

“अहो, किती वेळ?”

“जरा वर. नको, खाली. आता हलू नकोस.”

ती हलली नाही, शिंकली. एरियल इंग्रजी झेडच्या आकारात चिकटला. तो तसाच आहे.

आता एवढं करून आवाज बाहेर यायचा कुठून? तर ही डबी आकाशातून डिजिटल आवाज घेते, त्याचा एफएम करते आणि गाडीतल्या जुन्या रेडिओला दीड फुटावरून ऐकवते. एफएमच्या जाचातून सुटायला डॅब घ्यायचं आणि ते ऐकायचं एफएमवर! नदी ओलांडायला होडी घ्यावी आणि होडी वाहून न्यायला हमाल, असा प्रकार. असल्या ट्रान्समीटरला इथे ५० नॅनोवॅटची परवानगी आहे. एवढ्या ताकदीत डबीला बोलायचं तर मोकळी जागा लागते, आणि ती गावागणिक बदलते. रेडिंगला ८७.७ मोकळं, स्लाव येईपर्यंत तिथे कुणीतरी गालिचे विकत असतो. मग डबीचं बटण दाबून नवा आकडा शोधायचा, गाडीच्या रेडिओवरही तोच लावायचा. तोवर गालिचेवाला मागे पडलेला असतो.

खरी अब्रू गेली ती गणपतीत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं, डॉलिस हिलला. आरतीला दरवर्षी जातो. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर नेहमीसारखी रांग लागलेली, बायकोच्या मांडीवर उकडीच्या मोदकांचा डबा, रेडिओवर कुणी प्राध्यापक मधमाश्यांबद्दल शांतपणे बोलत होते. अचानक मधमाश्या थांबल्या आणि “बल्ले बल्ले” सुरू झालं. शेजारच्या रांगेत एक सरदारजी स्टिअरिंगवर ताल धरून बसले होते. त्यांच्याकडेही असलीच डबी असणार आणि आकडाही आमचाच. रांग पाच पावलं सरकली तेव्हा प्राध्यापक परत आले. आणि सरदारजींचे हात हवेत थांबले. त्यांनी रेडिओला एक चापट मारली. त्यांच्या गाडीत मधमाश्या शिरल्या होत्या, दुसरं काय! पुढचा पाऊण मैल आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता भांगडा आणि मधमाश्यांची देवाणघेवाण केली.

“हा डबा उघडला तर निदान मोदक तरी निघतात,” बायको म्हणाली. डॅबचं घरात ‘डबडं’ झालं ते त्या दिवसापासून.

वेळेचंही तसंच. रेडिओवर तासाला ग्रिनिचचे सहा ठोके पडतात, १९२४पासून. आमचे वडील आकाशवाणीच्या सात पाचच्या बातम्यांना हातातलं एचएमटी जुळवायचे, ती सवय मला लागलेली. डॅबवर मात्र आवाज पॅक होऊन, प्रवास करून, उलगडून येईपर्यंत ठोके काही सेकंद शिळे होतात. घड्याळ लावायच्या कामाचे राहत नाहीत. चहाला वेळ झाला एवढंच त्यावरून समजायचं.

पण हे सगळं सोसलं असतं. डॅबचा स्वभाव नाही सोसवत. एफएम दूर जाताना म्हाताऱ्या माणसासारखा हळूहळू क्षीण होतो. आपल्याला निरोप घ्यायला वेळ मिळतो. डॅब एकतर स्टुडिओत बसल्यासारखं स्वच्छ, नाहीतर पुढच्या वळणावर आवाज बुडबुड, खदखद करत बुडतो आणि संपतो. इथले लोक त्याला उकळता चिखल म्हणतात. मला पिठलं आठवतं. लाँग वेव्हच्या खरखरीतून मी धावा ओढून काढायचो. पिठल्यातून काय काढणार?

४ ऑगस्ट २०२५, सोमवार. ओव्हलवर भारत-इंग्लंड कसोटीचा पाचवा दिवस. जिंकायला इंग्लंडला ३५ धावा हव्या, आपल्याला ४ विकेट. आणि मला ब्रिस्टलला मीटिंग. अकरा वाजता मी एम-फोर हायवेवर. पहिल्या दोन चेंडूंवर दोन चौकार गेले, तेही डबड्याने अगदी काचेसारखे स्वच्छ ऐकवले. मग चढ सुरू झाला, लँबॉर्नच्या खडूच्या टेकड्या आल्या. सिराज धावत निघाला, बॅटला काहीतरी लागलं, लोक ओरडले आणि... पिठलं. कोण ओरडलं, आपले की त्यांचे? दीड मैल मी पिठल्याला विचारत होतो. स्मिथ गेला होता.

तेवढ्यात मेंबरीची पाटी दिसली. मेंबरी सर्व्हिसेस म्हणजे पेट्रोल, कॉफी, स्वच्छतागृह. पण शेजारीच टीव्ही-रेडिओचा भला उंच मनोरा आहे. मी आत वळलो आणि मनोरा नीट दिसेल अशी जागा बघून गाडी लावली. देवळासमोर उभं राहावं तसा आवाज आला. ओव्हरटन पायचीत. टंग त्रिफळाचीत. डावा हात गळ्यात बांधून वोक्स उतरला तेव्हा मी गाडीत एकटा असूनही सरसावून बसलो. अ‍ॅटकिन्सनने उंच मारला, सीमेवर आकाश दीपच्या हाताला लागून सहा. मी कपाळ धरलं. आता फक्त सात हव्या. सिराजची ओव्हर. मी पुढे सरकलो आणि माझा गुडघा लायटरमधल्या वायरीला लागला.

डबडं विझलं. वायर घट्ट खुपसली तेव्हा पडद्यावर अक्षरं आली : ‘स्कॅनिंग, ० टक्के’. मग ४. मग ९. घरापासून केलेला सगळा हिशोब विसरून ते जगात रेडिओ आहेत का, इथपासून शोधत होतं.

शेजारच्या करड्या गाडीत टोपी घातलेले एक इंग्रज आजोबा काचा बंद करून बसले होते, मांडीवर सँडविचचा डबा. तेही ऐकतायत हे त्यांच्या न हलणाऱ्या घासावरून दिसत होतं. ३१ टक्के. आजोबांनी डोळे मिटले. ४४. आजोबांनी घास हळूच परत डब्यात ठेवला. मी काचेतून त्यांच्याकडे बघून भुवया उंचावल्या. त्यांनी मला नीट न्याहाळलं, माझा रंग, माझा चेहरा, माझा झेड-एरियल. आणि मग पंचाने द्यावं तसं, अगदी नाइलाजाने, एक बोट वर केलं.

मी दोन्ही हात पसरून विचारलं, कितीने? त्यांनी सहा बोटं दाखवली.

मी गाडीतून उतरून नाचलो, त्याचं वर्णन करत नाही. तिथे कुत्री फिरवणारी माणसं होती. परत आलो तेव्हा पडद्यावर ‘८३ केंद्रे सापडली’ असं लिहिलेलं होतं. आजोबांनी काच खाली केली.

“तुमच्या काचेला ते काय लावलंय?”

“डॅब.”

“चालतं?”

मी काही बोललो नाही. त्यांनी शेजारच्या सीटवरचा पेपर उचलून मागे टाकला आणि चीज-लोणच्याच्या सँडविचचं उरलेलं अर्धं माझ्यापुढे केलं. मी ब्रिस्टलला फोन करून ट्रॅफिक फार आहे म्हणून सांगितलं आणि त्यांच्या गाडीत जाऊन बसलो. सिराज बोलायचा होता.