ग्रीन टीत कॅफीन असतं: माझ्याच फॉरवर्डचा खुलासा

ठाण्यातल्या उपवन तळ्यावरच्या आपल्या वॉकिंग ग्रुपवर परवा मीच टाकलं होतं, ‘ग्रीन टीत कॅफीन शून्य, रात्री बिनधास्त प्या.’ ते चुकीचं आहे.

ग्रीन टी आणि आपला रोजचा चहा एकाच झुडपाची पानं. ग्रीन टीची पानं तोडल्यावर लगेच वाफवतात किंवा भाजतात, म्हणून ती काळी पडत नाहीत. कॅफीन पानातच राहतं. एका कपात साधारण ३० मिलिग्रॅम, म्हणजे कॉफीच्या निम्म्याहून कमी, पण शून्य नाही. डिकॅफमध्येही, म्हणजे कॅफीन काढून टाकलेल्या चहातही, थोडं उरतंच.

मेसेज टाकल्यावर घरातला ‘तुळस’ लिहिलेला चहाचा खोका उलटा करून पाहिला. घटकांत पहिलंच नाव ग्रीन टीच्या पानांचं! तुळस नंतर, चिमूटभर.

डॉक्टरांनी कॅफीन बंद सांगितलं असेल तर गवती चहा आणि आलं नुसतं पाण्यात उकळा, चहा पावडर न घालता. जांभळी नाक्याच्या मंडईत गवती चहाची जुडी मिळते. नाहीतर कोकम सरबत आहेच.

माझा आधीचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका. विशेषतः काकूंच्या भजनी मंडळात, तिथे तो पोचलाय.