‘फॉरमॅट मारा आणि मोकळे व्हा’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

घरच्या संगणकावर लॉगिन होत नसेल तर काय करावे, या माझ्या लेखावर आपण नेरूळहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. साध्या कामासाठी मी वाचकाला नको तितक्या तपासण्या करायला लावल्या, स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला तर फॉरमॅट मारून दोन तासांत संगणक हातात देतो, हा पहिला. पेनड्राइव्ह लावून पासवर्ड पुसण्याची यूट्यूबवर सर्रास दाखवली जाणारी युक्ती मी दडवली, हा दुसरा. आणि घरात वडीलधारी माणसे असतील तर पासवर्डच काढून टाकावा, हा तिसरा. जाता जाता आपण असेही लिहिले आहे की आपल्या वडिलांच्या संगणकावर लॉगिन होते, पण डेस्कटॉप कोराच दिसतो. आधी त्याविषयी लिहितो, कारण बाकीची चर्चा थांबू शकते, ते काम थांबू शकत नाही.

लॉगिन होऊन डेस्कटॉप कोरा दिसणे याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की विंडोजला आपल्या वडिलांचे प्रोफाइल, म्हणजे त्यांच्या फाइल आणि सेटिंग्ज यांचा संच, उघडता आले नाही आणि म्हणून एक तात्पुरते प्रोफाइल तयार करून देण्यात आले. तशी सूचना स्क्रीनवर थोडा वेळ येते आणि पुष्कळदा नजरेतून सुटते. चालू संगणकाची वीज अचानक गेली, अपडेट अर्धवट राहिले किंवा डिस्क खराब होऊ लागली की असे घडू शकते. पावसाळ्यात वीज ये-जा करू लागली की ठाण्यातल्या ओळखीच्या घरांतून ही तक्रार माझ्या कानावर हमखास येते. या अवस्थेत डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये जे साठवाल ते साइन आउट करताच पुसले जाते, म्हणून वडिलांनी आज काही टंकले असेल तर संगणक बंद करण्यापूर्वी ते पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. त्यानंतर सी ड्राइव्हमधल्या यूजर्स या फोल्डरात वडिलांच्या नावाचा फोल्डर उघडून पाहा. जुने फोटो आणि कागदपत्रे बहुधा तिथे जशीच्या तशी असतात. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मगच संगणक दोन-तीनदा रीस्टार्ट करा. कधीकधी एवढ्यानेच जुने प्रोफाइल परत येते. न आल्यास रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे नोंदवून ठेवते त्या नोंदवहीतल्या, प्रोफाइललिस्ट या भागात एकाच खात्याच्या दोन नोंदी दिसतात, त्यांपैकी एकीच्या नावाला शेवटी ‘डॉट बॅक’ (.bak) जोडलेले असते. ती नावे दुरुस्त करून प्रोफाइल परत मिळवता येते, परंतु रजिस्ट्रीत चुकीच्या ठिकाणी बदल झाला तर संगणक सुरू होणेच बंद होऊ शकते. सवय नसेल तर नवीन खाते उघडून त्यात फाइल नेणे अधिक सुरक्षित आहे.

आता पहिल्या आक्षेपाचे उत्तर यातूनच मिळते. हाच संगणक दुकानात गेला असता आणि कोणी न विचारता फॉरमॅट मारला असता, तर सुखरूप असण्याची दाट शक्यता असलेल्या त्या फाइल गेल्या असत्या. ‘लॉगिन होत नाही’ ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागे निरनिराळी कारणे असतात: टंकलेले चुकीचे उमटते, खाते ओळख पटवून घेत नाही, प्रोफाइल बिघडलेले असते किंवा डिस्कच कुलूपबंद असते. एकावरचा उपाय दुसऱ्या ठिकाणी नुकसान करतो, म्हणूनच मी निदानावर इतका भर दिला. डिस्क खरोखर कामातून गेली असेल तर ती बदलून विंडोज नव्याने टाकणे हाच मार्ग आहे, आणि तेव्हा मीही तेच सांगतो.

निदान म्हणजे किती छोटी गोष्ट असू शकते, ते पाहा. आमच्या ओळखीच्या नौपाड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा पिन ऐन पावसाळ्यात अचानक चुकीचा ठरू लागला. पिन पुन्हा पुन्हा चुकला की विंडोज इंग्रजी ए, १, बी, २, सी, ३ ही अक्षरे ओळीने टंकायला सांगते. पिनच्या जागी नुसते ठिपके दिसतात, ही अक्षरे मात्र उघड दिसतात. त्यांनी ती टंकली तेव्हा दोनचा आकडा एकदा दाबूनही दोनदा उमटत होता. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडे सुलभतेच्या सुविधांचे चिन्ह असते, तिथून पडद्यावरचा कळफलक उघडून माउसने पिन भरला आणि संगणक उघडला. दुकानात हा संगणक ‘विंडोज करप्ट’ या नावाखाली पुसला गेला असता, आणि नव्या विंडोजवरही तो दोनचा आकडा दोनदाच उमटला असता. आपल्यासारख्या मराठीत टंकणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: त्याच कोपऱ्यातले भाषेचे चिन्ह मराठीवर राहिले असेल तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. पासवर्डाच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबले की काय उमटते आहे ते दिसते.

खात्याच्या बाबतीत गोंधळ होतो तो मायक्रोसॉफ्ट खाते वापरणाऱ्यांचा. मोबाइलवरून पासवर्ड बदलला, पण घरचा संगणक इंटरनेटला जोडलेला नसेल, तर त्याला तो बदल कळत नाही आणि तो जुनाच पासवर्ड मागत राहतो. लॉगिनच्या पडद्यावरूनच वायफाय जोडता येते, तेवढे आधी करावे. पिन मात्र त्या एका संगणकापुरता असतो. खात्याचा पासवर्ड बदलल्याने तो बदलत नाही. जुन्या डेस्कटॉपची तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसली तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपलेला असतो, आणि चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित ऑनलाइन जोडणीच होत नाही.

निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते तो प्रकार याहून गंभीर आहे. ते लॉगिन नव्हेच, डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच कुलूप लावणाऱ्या सुविधेने, कूटबद्ध (कीशिवाय वाचता न येणारी) केलेली असल्याची ती खूण आहे. विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीची नवी मांडणी करून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले, तर अनेक संगणकांवर हे कूटबद्धीकरण आपोआप सुरू होते आणि की त्या खात्यात जमा होते. मोबाइलवरून त्याच खात्यात शिरून ती वाचता येते. ती न शोधता फॉरमॅट मारला तर डिस्कवरचे काहीही परत मिळवता येत नाही.

पेनड्राइव्हची युक्ती मी दडवलेली नाही. ती विचारपूर्वक सांगत नाही. कूटबद्ध डिस्कवर कीशिवाय ती चालत नाही. जिथे चालते तिथे विंडोजला न कळवता पासवर्ड पुसल्यामुळे ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि त्या खात्याने कूटबद्ध केलेल्या फाइल हाती लागेनाशा होतात, कारण त्यांच्या किल्ल्या जुन्या पासवर्डाशी बांधलेल्या असतात. स्थानिक खात्यासाठी, म्हणजे मायक्रोसॉफ्ट खात्याशी न जोडलेल्या, त्या संगणकापुरत्या खात्यासाठी, विंडोज १०च्या २०१८मधल्या १८०३ या आवृत्तीपासून तीन सुरक्षाप्रश्नांची सोय आहे. ते भरून ठेवले असतील तर चुकीचा पासवर्ड दिल्यावर तो बदलण्याचा दुवा त्याच पडद्यावर येतो. पेनड्राइव्ह वापरायचाच असेल तर उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह वापरा, म्हणजे विंडोजऐवजी उबंटू ही दुसरी प्रणाली थेट पेनड्राइव्हवरून सुरू करा. डिस्क कूटबद्ध नसेल तर पासवर्डाला हातही न लावता सगळ्या फाइलची प्रत त्यातून घेता येते, आणि ती घेतल्यावर दुरुस्तीवाल्याने खुशाल फॉरमॅट मारावा.

राहिला वडीलधाऱ्यांचा प्रश्न. त्यांच्या ब्राउझरमध्ये बँकेची आणि पेन्शनची खाती असतात, त्यामुळे संगणक उघडा ठेवणे मला पटत नाही. त्यांच्या लक्षात राहील असा पिन द्यावा, कारण तो कोणी पाहिला तरी दुसऱ्या यंत्रावरून त्यांचे खाते उघडत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खात्यात नोंदवलेला मोबाइल क्रमांक तपासावा. पुष्कळ घरांत तो परदेशी गेलेल्या मुलाचा, केव्हाच बंद झालेला क्रमांक असतो आणि ओटीपी कोणालाच मिळत नाही. लॉगिन चालू असताना नवा क्रमांक जोडून जुना काढणे सोपे असते. जुना क्रमांक आणि जुना ईमेल दोन्ही हाती नसतील तर मायक्रोसॉफ्ट ही माहिती बदलायला ३० दिवस थांबायला लावते, म्हणून वडिलांचे प्रोफाइल परत मिळाले की त्याच बैठकीत हे काम उरकून घ्यावे, ही विनंती.