आगोटीची बेगमी आणि आठ जीबी

मृगाला पंधरा दिवस उरले की आमच्या घरात माळ्याला शिडी लागते. गुहागरातले आमचे घर चिऱ्याचे, जुने आणि लांबच लांब आहे. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपते तेथे समुद्र. अशा घरात पावसाळ्याचे चार महिने काढायचे, तर आगोटीची बेगमी करावीच लागते. आंबोशी, कोकम, फणसाची साठं, मातीत घोळवलेल्या आठळ्या, सांडगी मिरच्या, बंबासाठी सोडणं, असे एकेक जिन्नस मी माळ्यावर चढवत असतो आणि पडवीतल्या झोपाळ्यावर बसून माझी ८३ वर्षांची आई त्यांची तोंडी नोंद घेत असते. यंदा यादी संपली, तेव्हा तिने झोपाळा थांबवला आणि विचारले, "आणि सिनेमांचं काय केलंस?"

प्रश्न रास्त होता. गेल्या पावसाळ्यात आमची छत्री, म्हणजे कौलांवर बसवलेली टीव्हीची थाळी, पाऊस धरला की चित्र सोडून देत असे. छत्रीला चित्र ज्या लहरींवरून येते, त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते, आणि जोराच्या पावसात त्या लहरी थेंबांत विखुरतात आणि मुरतात. मी हे आईला समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "छत्री आणि पावसात मिटते?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ठाण्याच्या पुतण्याने फोनवर तोडगा काढला. "काका, तू आता स्ट्रीमिंगचा बॉक्स घे. नाही तर स्टिक घे. टीव्हीच्या मागे लावायची, नेटवर जोडायची, संपलं." एखादी गोष्ट 'संपलं' म्हणून सांगितली गेली की ती आपल्या घरी आता सुरू होणार, हे मी अनुभवाने जाणतो. तरीही मी वही उघडली. पतपेढीत ३१ वर्षे खतावण्या लिहिलेल्या माणसाने कोणतीही खरेदी रकान्यांवाचून करू नये, असे माझे मत आहे. मी तीन रकाने आखले: साठवण, किंमत आणि सोय.

साठवणीचा रकाना सर्वांत सोपा वाटला. डबा म्हटला की त्यात काही तरी मावते, आणि ज्यात जास्त मावते तो डबा चांगला, हे कोकणात तान्ह्या मुलालाही कळते. या डब्यांची कुळकथा वाचू लागलो, तेव्हा तर मला अगदी घरच्यासारखे वाटले. २००७ साली अमेरिकेत व्हुडू नावाचा डबा निघाला होता. त्याच्या पोटात २५० जीबीची हार्ड डिस्क, म्हणजे साठवणीची तबकडी होती (जीबी हे या साठवणीचे माप) आणि किंमत ३९९ डॉलर. त्याच वर्षी आलेल्या पहिल्या ॲपल टीव्हीत ४० जीबी होते आणि किंमत २९९ डॉलर. व्हुडूची युक्ती मला फारच आवडली. हजारो सिनेमांचे फक्त आरंभाचे तुकडे त्या डब्यात साठवलेले असत, त्यामुळे बटण दाबताक्षणी सिनेमा सुरू होई, आणि आपण आरंभ पाहत असताना उरलेला भाग इतर गिऱ्हाइकांच्या घरांतल्या डब्यांतून तुकड्यातुकड्याने येऊन पोहोचे. आमच्याकडच्या नमनाच्या खेळात याहून वेगळे काय होते? इकडे गण आणि गौळण चालू असते, तोवर वगातला राजा पलीकडच्या वाडीतून मिशी चिकटवत वाटेवर असतो.

पण पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, रोकू नावाच्या कंपनीने ९९ डॉलरचा डबा काढला आणि त्यात हार्ड डिस्कच ठेवली नाही. २०१० साली ॲपलनेही तेच केले. डिस्क काढून टाकली आणि किंमत ९९ डॉलरवर आणली. डबा रिकामा होत गेला तसतसा तो अधिक खपत गेला, ही गोष्ट वहीत लिहितानाच माझ्या ध्यानात यायला हवी होती. माझे लक्ष बेरजेकडे होते.

अलीकडच्या डब्यांचे आकडे मांडले, तेव्हा मी चक्रावलो. फायर टीव्ही स्टिकच्या साध्या प्रकारात ८ जीबी. शाओमीचा फोर-के डबा २०२० मध्ये आपल्याकडे ३,४९९ रुपयांना आला, त्यात ८ जीबी. गूगल टीव्हीवाले क्रोमकास्ट २०२२ मध्ये ६,३९९ रुपयांना आले, त्यातही ८. त्याच वर्षीचा ॲपल टीव्ही मात्र ६४ जीबीचा १४,९०० रुपयांना आणि १२८ जीबीचा १६,९०० रुपयांना. मी दर जीबीचा भाव काढला. शाओमीला ४३७ रुपये, क्रोमकास्टला ८०० रुपये, आणि सर्वांत महाग दिसणाऱ्या १२८ जीबीच्या डब्याला अवघे १३२ रुपये! म्हणजे सर्वांत महाग वस्तू हीच सर्वांत स्वस्त होती. हा शोध मी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केला.

"अहो," सौभाग्यवती म्हणाली, "घाऊकात स्वस्त मिळतो म्हणून कोणी मणभर हिंग आणतं का?"

मी तिला पुढचे गणित दाखवले. स्पष्ट चित्राचा सिनेमा तासाला साधारण ३ जीबी खातो. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेसात जीबी. आठ जीबीच्या डब्यात एक सिनेमा मावेल आणि वर अर्धा जीबी तोंडी लावायला उरेल. पण १२८ जीबीत सतरा सिनेमे बसतात, आणि चातुर्मासाचे आठवडेही सतराच भरतात. दर शनिवारी एक सिनेमा माळ्यावरून काढल्यासारखा काढायचा, की कार्तिकी एकादशीला डबा रिकामा. इतका स्वच्छ ताळेबंद पतपेढीतही माझ्या हातून कधी जमला नव्हता.

तो मी पुतण्याला वाचून दाखवला. पलीकडे काही वेळ फक्त हसू ऐकू येत होते. "काका, त्या जीबीत सिनेमे राहत नाहीत. ती जागा ॲपसाठी असते. सिनेमा नेटवरून येतो, दिसतो आणि जातो." मी विचारले, निदान आठच्या आठ जीबी तरी ॲपसाठी असतात ना? तर तेही नाही. यंत्र चालवणारी प्रणाली आधीच आत बसलेली असते आणि आपल्या वाट्याला जेमतेम साडेचार-पाच जीबी येतात. बरणी विकत आणावी आणि तिचा निम्मा भाग झाकणानेच व्यापलेला असावा, असा हा प्रकार आहे.

आईला मी हे सावकाश समजावले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे पऱ्याला पाणी असेल तेव्हा ओंजळीनं प्यायचं. घरी हंडा न्यायचा नाही." पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा. स्ट्रीमिंग या शब्दाची इतकी नेमकी फोड मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती. फरक एवढाच, की आमचा पऱ्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतो आणि हा नेमका पावसाळ्यात आटतो.

किमतीच्या रकान्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. हापूसचे कलम स्वस्त असते आणि राखण महाग पडते, तसेच येथेही आहे: डबा एकदाच घ्यावा लागतो, आणि नंतर एकेका ॲपची वर्गणी दर महिन्याला किंवा वर्षाला भरत राहावे लागते. घरात तारेने येणारे फायबरचे नेट बंद पडल्यास मोबाइलच्या नेटवर भागवू, असा एक पर्याय मी लिहिला होता. माझ्या मोबाइलला दिवसाला दीड जीबी मिळतो, म्हणजे रोज अर्धा तास सिनेमा. पाचव्या दिवशी नायक-नायिकेचे लग्न लागणार. उरलेला डेटा मध्यरात्री नाहीसा होतो, तोही साठवता येत नाही. आमच्या लहानपणी सत्यनारायणाच्या रात्री भाड्याने व्हीसीआर येत असे आणि त्याबरोबर तीन कॅसेटी. ते यंत्र बैलगाडीच्या चाकाएवढा आवाज करी; पण सकाळी परत करेपर्यंत तिन्ही सिनेमे आमच्या घरात, आमच्या चटईवर पडलेले असत.

शेवटी मी चिपळूणला जाऊन आठ जीबीची एक स्टिक आणली. तिचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडले त्यात तिचा दोष फारसा नव्हता. दुकानदार भला माणूस होता. त्याने पाचशे रुपये जास्तीचा एक चौकोनी डबाही दाखवला आणि म्हणाला, "याला मागे पेनड्राइव्ह लावायची खाच आहे." मी ताठ मानेने म्हणालो, "हल्ली साठवणीचा काळ राहिला नाही." त्या वेळी मला स्वतःच्या आधुनिकपणाचे कौतुक वाटले होते.

आता तिसरा रकाना, सोय. आमचा टीव्ही माजघरात भिंतीला खिळवलेला आहे, आणि स्टिक लावायची खाच त्याच्या पाठीशी, जेथे भिंत आणि टीव्ही यांच्यामध्ये फक्त पाली ये-जा करू शकतात. टीव्ही उतरवला, दोन पाली घरातून गेल्या, स्टिक बसली. तिच्या विजेच्या प्लगसाठी जवळच्या स्विचबोर्डावर जागा नव्हती. एका भोकात इन्व्हर्टरची वायर आणि दुसऱ्यात डासांचे औषध होते, आणि गुहागरात या दोन्हींपैकी काहीही काढता येत नाही. म्हणून मी स्टिकची वायर टीव्हीच्याच मागच्या यूएसबी खाचेत खोचली. त्या खाचेतून साधारण अर्धा अँपिअर वीज मिळते आणि स्टिकला एक हवी असते. त्यामुळे ती अर्धपोटी राबणाऱ्या गड्याप्रमाणे मध्येच बसकण मारी आणि पुन्हा पहिल्यापासून उठे.

दुसरी अडचण घराचीच निघाली. फायबरची तार ओटीवर येते, तेथे नेट लहरींनी घरभर पसरवणारा राउटर. ओटी आणि माजघर यांमध्ये चिऱ्याच्या दोन भिंती आहेत, प्रत्येकी हातभर जाडीच्या, आणि आजोबांनी त्या तोफेचा मारा गृहीत धरून बांधल्या असाव्यात. पाच गिगाहर्ट्झच्या वेगवान लहरी पहिल्याच भिंतीत अडकल्या. अडीचच्या आसपासच्या संथ लहरी कशाबशा पलीकडे पोहोचल्या, पण दमून. राउटर हातात घेऊन मी घरभर हिंडलो. एकच जागा अशी सापडली की जेथून टीव्ही आणि राउटर एकमेकांना पाहू शकत होते, ती म्हणजे माळ्याच्या शिडीची चौथी पायरी. राउटर तेथे सुतळीने बांधला आणि लांब वायर ओढली. यंदा मृग निघून गेला तरी शिडी निघाली नाही, त्याचे हे कारण.

रिमोटवर अंकही नव्हते आणि अक्षरेही नव्हती. पडद्यावर अक्षरांची ओळ येते आणि एकेका अक्षरापर्यंत बाण दाबत चालत जावे लागते. माझा पासवर्ड चौदा अक्षरांचा आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने मी तो वर्णमालेच्या दोन टोकांमधून निवडला होता. तिसऱ्यांदा चुकल्यावर सौभाग्यवतीने सुचवले की पुढच्या वेळी सगळी अक्षरे शेजारशेजारची घ्यावीत. बोलून शोधण्याचे बटण आहे हे कळल्यावर रिमोट आईकडे दिला. ती त्याच्याशी सविस्तर बोलली: "तो लाव, जुना, मराठी, ज्यात बैल हरवतो आणि शेवटी सगळे रडतात." यंत्राने विचार केला आणि स्पेनमधल्या बैलांच्या झुंजी दाखवल्या. आईने त्या पाच मिनिटे पाहिल्या आणि "बैल चांगले राखलेत" असा अभिप्राय दिला.

एवढे करून चार दिवस सिनेमे दिसले, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पाचव्या दिवशी पाऊस लागला, रस्त्यावरच्या जांभळाची फांदी फायबरच्या तारेवर पडली आणि पऱ्या आटला. फायबरवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "काका, उघडीप पडली की येतो." आषाढात उघडीप! स्टिक पडद्यावर ॲपची रंगीत चौकोनी चित्रे मांडून बसली. रिकाम्या बरण्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसारखी ती दिसत होती: आंबोशी, कोकम, मिरच्या, आणि आत काहीच नाही.

पुढच्या शनिवारी पुतण्या आला. त्याने टीव्हीच्या मागे हात घातला, बराच वेळ चाचपडला आणि विचारले, "काका, ही वायर इथे का खुपसलीस? ही पेनड्राइव्हचीच खाच आहे. टीव्हीला पहिल्यापासून आहे." मी वही मिटली. त्याने स्टिकची वायर उपसली आणि आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यातून ६४ जीबीचा, करंगळीच्या पेराएवढा पेनड्राइव्ह काढून तेथे लावला. ना फायबर, ना पासवर्ड, ना वर्गणी. स्टिकला समुद्राची खारी हवा लागू नये, म्हणून सौभाग्यवतीने ती तांदळाच्या डब्यात पुरली. आगोटीच्या बेगमीत तिला अखेर जागा मिळाली.

पेनड्राइव्हमध्ये मात्र एकही सिनेमा नव्हता. पुतण्याच्या लग्नाचे चार तासांचे चित्रण होते, तेवढेच. ते आम्ही आषाढात दोनदा आणि श्रावणात आतापर्यंत तीनदा पाहिले आहे. आईला आता सगळे प्रसंग क्रमाने पाठ आहेत, आणि कोणी किती जिलब्या खाल्ल्या याचा तिचा हिशेब माझ्या खतावणीहून चोख आहे. परवा पंगतीचे दृश्य चालू असताना तिने एकाएकी हात वर केला.

"थांबव, थांबव. जरा मागं घे. ती तिसरी, हिरव्या शालूतली. गेल्या आगोटीला साठं घेऊन गेली ती आपली चिनी मातीची बरणी तिनं परत दिली का रे?"

मला आठवेना. पाहावे म्हणून उठलो. शिडी लावलेलीच होती. फक्त चौथ्या पायरीवरचा राउटर सोडवून खाली ठेवावा लागला.